जपानचे राजकारण आणि उद्योगजगत समजण्यासाठी तिथल्या प्रेस क्लबमधली भाषणे ऐकावीत का?

आपण पुण्यात जपानी शिकत आहात, एन-३ या मधल्या पातळीची परीक्षा दिलेली आहे आणि पुढे जपानी कंपनीत काम करण्याची इच्छा आहे. टोकियोतल्या प्रेस क्लबमध्ये होणारी भाषणे व पत्रकार परिषदा यूट्यूबवर ऐकून तिथले राजकारण आणि व्यापार कळेल का, की ते निव्वळ औपचारिक बोलणे असते, असे आपण विचारले आहे. जपानी भाषांतर हा माझा व्यवसाय असल्यामुळे मी या परिषदा नेमाने ऐकतो, आणि माझे उत्तर 'जरूर ऐका' असे आहे. मात्र ऐकण्याची सुरुवात प्रश्नोत्तरांपासून करावी. सुरुवातीचे निवेदन बहुतेक वेळा आधीच छापून वाटलेले असते, त्यामुळे त्यात नवे फारसे सापडत नाही. प्रश्न विचारण्याची मुभा कोणाला आहे आणि प्रश्नकर्ता कोण निवडतो, यावर त्या परिषदेचे मोल ठरते, आणि जपानमध्ये ही गोष्ट क्लबागणिक बदलते.

आपल्याकडे पत्रकार संघ म्हटले की पत्रकारांनी एकत्र येऊन चालवलेली, वार्तालापासाठी पाहुणे बोलावणारी एक संस्था डोळ्यासमोर येते. जपानमध्ये 'किशा क्लब' म्हणतात तो प्रकार निराळा आहे. १८९० मध्ये जपानची पहिली संसद भरली तेव्हा वार्तांकनाची परवानगी मिळवण्यासाठी वार्ताहर एकत्र आले, आणि तिथून ही पद्धत सुरू झाल्याचे मानले जाते. आज मंत्रालये, पोलीस मुख्यालये, प्रांतांची सरकारी कार्यालये, मध्यवर्ती बँक अशा प्रत्येक ठिकाणी त्या त्या कार्यालयाच्या इमारतीतच किशा क्लबची खोली असते, आणि सदस्य प्रामुख्याने मोठी वृत्तपत्रे, वृत्तसंस्था व दूरचित्रवाहिन्या यांचे वार्ताहर असतात. पत्रकार परिषदेचा यजमान बहुधा हा क्लबच असतो. सदस्य संस्थांपैकी एकीकडे आळीपाळीने 'कांजीशा' म्हणून जबाबदारी येते आणि पहिले प्रश्न तिचा वार्ताहर विचारतो. मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव, ज्यांना 'कानबो चोकान' म्हणतात आणि जे स्वतः एक वजनदार राजकीय नेते असतात, कामाच्या दिवशी साधारणपणे सकाळ-दुपार असे दोनदा या पद्धतीने वार्ताहरांना सामोरे जातात. यातले बरेचसे प्रश्न आधी कळवलेले असतात, म्हणून समोरच्या कागदावरून उत्तर वाचले जाताना आपल्याला दिसेल. या बंदिस्तपणाला आतूनही विरोध झाला आहे. नागानो प्रांताचे गव्हर्नर तानाका यासुओ यांनी २००१ मध्ये आपल्या कार्यालयापुरती किशा क्लबची पद्धत मोडीत काढली, आणि २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री ओकादा कात्सुया यांनी आपल्या परिषदा क्लबबाहेरच्या पत्रकारांना खुल्या केल्या.

किशा क्लबांखेरीज टोकियोत आणखी दोन क्लब आहेत, आणि आपण यूट्यूबवर पाहिलेले असावेत ते हेच. उचीसाईवाईचो भागातला जपान नॅशनल प्रेस क्लब १९६९ मध्ये स्थापन झाला. निवडणुकीआधी सगळ्या पक्षप्रमुखांची समोरासमोर होणारी चर्चा तिथेच भरते. आधी पक्षप्रमुख एकमेकांना प्रश्न विचारतात, मग क्लबचे प्रतिनिधी विचारतात. पहिल्या भागात कोणी कोणाला प्रश्न विचारायचा हे नेतेच ठरवतात, त्यामुळे कोणता विरोधी नेता पंतप्रधानांना सोडून दुसऱ्याच विरोधी पक्षाला धारेवर धरतो हे बारकाईने पाहावे. पुढच्या महिन्यांत कोण कोणाबरोबर जाऊ शकेल याचा अंदाज त्यातून येतो. दुसरा, फॉरिन करस्पॉन्डंट्स क्लब ऑफ जपान, १९४५ मध्ये दोस्त सैन्याबरोबर टोकियोत आलेल्या परदेशी वार्ताहरांनी सुरू केला आणि तो सध्या मारुनोउचीत आहे. कोणत्याही मंत्रालयाच्या छताखाली नसल्यामुळे त्याला कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही, आणि जपानच्या अलीकडच्या इतिहासात याचे परिणाम ठळकपणे दिसले आहेत.

पंतप्रधान तानाका काकुएई यांची गोष्ट या संदर्भात आवर्जून समजून घ्यावी. ऑक्टोबर १९७४ मध्ये 'बुंगेई शुंजू' या मासिकात ताचिबाना ताकाशी यांचा तानाकांच्या पैशाच्या उगमाविषयीचा प्रदीर्घ लेख आला. जमिनींचे व्यवहार, नावापुरत्या कंपन्या आणि सत्ता यांची सांगड त्यात कागदपत्रांच्या आधारे दाखवली होती. मोठी वृत्तपत्रे त्यावर जवळपास गप्प राहिली. पंतप्रधानांमागे दिवसरात्र फिरणाऱ्या वार्ताहरांना यातले बरेच काही ठाऊक होते असे पुढे वारंवार बोलले गेले, पण रोज ज्यांच्या दारात उभे राहायचे त्यांना असा प्रश्न विचारण्याची रीत नव्हती. २२ ऑक्टोबरला तानाका परदेशी वार्ताहरांच्या क्लबात भोजनप्रसंगीच्या भाषणासाठी गेले, आणि तिथे प्रश्नामागून प्रश्न त्या लेखावरच आले. ते संतापून निघून गेले. दुसऱ्या दिवशी जपानी वृत्तपत्रांनी ही बातमी छापली, कारण आता पंतप्रधानांना जाहीरपणे प्रश्न विचारला गेला होता आणि ती घटना बातमी म्हणून टाळता येण्यासारखी नव्हती. पाच आठवड्यांनी, २६ नोव्हेंबरला, तानाकांनी पायउतार होण्याचा निर्णय जाहीर केला. लेखातला तपशील लोकांपुढे आधीपासूनच होता, त्या दुपारी भर पडली ती जाहीर प्रश्नाची. मला हा प्रसंग अतिशय महत्त्वाचा वाटतो.

ही जुनी कथा म्हणून सोडून देऊ नये. जॉनीज या मनोरंजन कंपनीचे संस्थापक जॉनी किटागावा यांनी अल्पवयीन मुलांचे लैंगिक शोषण केल्याचे आरोप १९९९ मध्येच एका साप्ताहिकाने छापले होते, आणि पुढे टोकियोच्या उच्च न्यायालयानेही त्यातला महत्त्वाचा भाग ग्राह्य धरला होता. तरीही वाहिन्यांनी तो विषय बाजूला ठेवला, कारण त्याच कंपनीचे कलाकार त्यांच्या पडद्यावर रोज दिसत असत. मार्च २०२३ मध्ये बीबीसीचा माहितीपट आला आणि १२ एप्रिलला त्या कंपनीत पूर्वी असलेले गायक कावान ओकामोतो यांनी परदेशी वार्ताहरांच्या क्लबात नाव व चेहरा उघड ठेवून आपला अनुभव सांगितला. त्यानंतर मात्र विषय दाबणे शक्य राहिले नाही, आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने शोषण झाल्याचे मान्य केले. २ ऑक्टोबरला कंपनीने घेतलेल्या परिषदेत दोन तासांची मर्यादा होती आणि एका संस्थेला एकच प्रश्न असा नियम होता. ज्यांना प्रश्न विचारू द्यायचा नाही अशा पत्रकारांची छायाचित्रांसह यादी आयोजन सांभाळणाऱ्यांकडे तयार होती, हे दोनच दिवसांत बाहेर आले. ती यादी आपण करवून घेतली नसल्याचे कंपनीने सांगितले, पण परिषदेतल्या उत्तरांपेक्षा त्या यादीचीच चर्चा अधिक झाली.

उद्योगजगतात अशा परिषदेची किंमत किती असू शकते हे फुजी टीव्हीच्या उदाहरणातून दिसते. एका नामांकित निवेदकाच्या वर्तनाविषयीचे प्रकरण कंपनीने कसे हाताळले यावरून वाद पेटला असताना १७ जानेवारी २०२५ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनी परिषद घेतली, पण प्रवेश किशा क्लबच्या सदस्यांपुरता मर्यादित ठेवला आणि व्हिडिओ चित्रीकरणाला परवानगी दिली नाही. जी कंपनी स्वतः इतरांपुढे कॅमेरे धरते तिने आपल्यापुढचे कॅमेरे बंद करावेत, हे लोकांना पटले नाही. मोठमोठ्या जाहिरातदारांनी जाहिराती थांबवल्या आणि त्या जागी समाजप्रबोधनाच्या जाहिराती दिसू लागल्या. २७ जानेवारीला कंपनीला खुली परिषद घ्यावी लागली. चारशेहून अधिक पत्रकार आले, परिषद दुपारी चारला सुरू होऊन मध्यरात्र उलटल्यावर संपली, म्हणजे दहा तासांहून जास्त चालली, आणि संचालक मंडळाचे प्रमुख व कंपनीचे अध्यक्ष या दोघांनीही राजीनामे दिले. दुसऱ्या परिषदेतले काही प्रश्न लांबलचक आणि उद्धट होते ही टीका मला रास्त वाटते, परंतु पहिल्या परिषदेची दारे उघडी असती तर एवढी वेळ आली नसती असे माझे मत आहे.

व्यापार आणि अर्थकारण हाच आपला मुख्य हेतू असेल, तर बँक ऑफ जपानच्या पतधोरण बैठकीनंतर गव्हर्नर घेतात ती परिषद कधीही चुकवू नये. तीही तिथल्या किशा क्लबची परिषद असते, म्हणजे बंदिस्त पद्धतीतूनही उपयुक्त माहिती मिळते हे मान्य करावे लागेल, कारण तिथले वार्ताहर व्याजदराच्या विषयात मुरलेले असतात आणि गव्हर्नरांच्या शब्दाशब्दाला हटकतात. ३१ जुलै २०२४ रोजी बँकेने दर ०.२५ टक्क्यांवर नेला. दरवाढीच्या वाटेत ०.५ टक्क्यांची भिंत आहे का, या अर्थाच्या प्रश्नावर गव्हर्नर उएदा काझुओ यांनी आपण तसे मानत नाही असे उत्तर दिले. दर आणखी चढणार असा अर्थ बाजाराने लावला, येन वधारला, त्यात अमेरिकेतल्या रोजगाराचे कमकुवत आकडे आले आणि ५ ऑगस्टला टोकियो शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ४,४५१ अंकांनी कोसळला. एका दिवसातली अंकांच्या हिशेबाने ती तोवरची सर्वांत मोठी घसरण होती. दोनच दिवसांनी उपगव्हर्नर उचिदा शिनिची यांनी बाजार अस्थिर असताना दर वाढवणार नाही असे सांगितले, तेव्हा बाजाराला आणखी दिलासा मिळाला.

आता आपल्या पातळीला साजेसा क्रम सुचवतो. सुरुवात परदेशी वार्ताहरांच्या क्लबापासून करावी, कारण तिथे जपानी पाहुण्यांचे बोलणे बहुधा लागोपाठ इंग्रजीत सांगितले जाते आणि एकच उत्तर दोनदा कानावर पडते. दुभाष्याने इंग्रजीत काय मऊ केले हे कळू लागले की आपली प्रगती झाली असे समजावे. त्यानंतर बँक ऑफ जपानच्या परिषदा घ्याव्यात. प्रश्नोत्तरांचा शब्दशः मजकूर बँक स्वतःच्या संकेतस्थळावर जपानीत देते, तो समोर ठेवून चित्रफीत ऐकता येते. मुख्य सचिवांच्या रोजच्या परिषदा शेवटी ठेवाव्यात. तिथली भाषा अवघड वाटते ती शब्दांमुळे कमी आणि ठरीव वाक्यांमुळे जास्त. गृहीत धरलेल्या परिस्थितीवर उत्तर देणे टाळतो, विशिष्ट प्रकरणाबद्दल बोलणे टाळतो, सावधपणे लक्ष ठेवून आहोत, योग्य ती कार्यवाही करू, अशी वाक्ये आपल्याला पुनःपुन्हा ऐकू येतील. त्यांची एक वही करावी आणि कोणत्या प्रश्नावर कोणते वाक्य आले ते तारखेसह टिपून ठेवावे. त्याच विषयावर एखाद्या दिवशी ठरलेले वाक्य बदलले, तर सरकारच्या भूमिकेत काहीतरी हलले असण्याची शक्यता असते, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात त्याचे कारण शोधावे.