‘स्टोइक’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न म्हापशाच्या एका शिक्षिकेचा आहे. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने फ्रिजवर कागद चिकटवला: ‘मी स्टोईक आहे.’ सासूबाईंनी विचारले, हे काय म्हणून. बाईंनी घाईत सांगून टाकले, ‘स्थितप्रज्ञ.’ त्यावर सासूबाई म्हणाल्या, “तो? हुमणाक मीठ उणें जाल्यार घर माथ्यार घेता, तो स्थितप्रज्ञ?” (हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, मीठ कमी पडले तर घर डोक्यावर घेतो, तो?) मग बाईंनी निर्विकार, उदासीन, विरक्त, सोशिक असे एकेक शब्द लावून पाहिले, आणि शेवटी आपला गोव्याचा म्हणून सुशेगाद. यातला नेमका कोणता, असे त्या विचारतात.

आधीच सांगतो, यातला एकही नाही. सासूबाईंचा आक्षेप मात्र अगदी बरोबर आहे. त्याकडे येतोच.

हा शब्द मुळात एका जागेवरून पडलेला आहे. ग्रीक ‘स्टोआ’ म्हणजे खांबांच्या ओळीवर छप्पर घातलेली, एका बाजूने उघडी अशी ओसरी. अथेन्सच्या बाजारचौकाला लागून अशी एक चित्रांनी सजवलेली ओसरी होती. इ.स.पू. 300 च्या सुमारास सायप्रसचा झेनो तिथे तत्त्वज्ञान शिकवू लागला, आणि त्याच्या पंथाला त्या ओसरीचेच नाव पडले. मूळचा तो व्यापारी. जांभळ्या रंगाचा माल घेऊन निघालेले त्याचे गलबत बुडाले, तो अथेन्सला पोचला आणि एका पुस्तकविक्याच्या दुकानात बसून सॉक्रेटिसाविषयी ऐकता ऐकता तत्त्वज्ञानाला लागला, अशी कथा सांगतात. गोव्यातल्या माणसाला ही जागा समजावून द्यायला नको. आपल्या जुन्या घरांचा सोपा आठवा, नाहीतर बलकांव. येणाऱ्याजाणाऱ्याने टेकावे आणि गावच्या गोष्टी निघाव्यात, तशी ती जागा. स्टोइक म्हणजे शब्दशः ‘सोप्यावरचे लोक’. भाषांतर म्हणून याचा काही उपयोग नाही, पण मला ते आवडते.

घोटाळा पुढे इंग्रजीने केला. तिथे मोठ्या एसने लिहिला तर तो तत्त्वज्ञानाचा पंथ, आणि लहान एसने लिहिला तर न रडणारा, न बोलणारा, दातावर दात धरून बसलेला माणूस. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे दोन्ही अर्थ एकाच कागदावर येतात आणि फ्रिजवर चिकटतात. बाईंच्या यादीतले बहुतेक शब्द त्या लहान एसचे आहेत. बाहेरून चेहरा कसा दिसतो तेवढेच ते सांगतात.

त्यातला ‘विरक्त’ लगेच बाद करू. मार्कस ऑरेलियस हा स्टोइक 161 ते 180 रोमचा सम्राट होता. त्याच्या आधीचा रोमन स्टोइक सेनेका सम्राट नीरोच्या दरबारात होता आणि गडगंज श्रीमंत होता. संसार सोडावा अशी या पंथाची अटच नाही. ‘सोशिक’ही नको. सोशिक हे कौतुक आपण बहुधा अन्याय गिळणाऱ्या बाईचे करतो, आणि मृत्युलेखात तर हमखास. स्टोइकांच्या चार मुख्य सद्गुणांत विवेक, धैर्य आणि संयम यांच्या जोडीला न्याय आहे. अन्याय मुकाट्याने सोसण्यात त्यांना काही थोर वाटले नसते. ‘तितिक्षा’ बाईंनी सुचवलेला नाही, पण कुणीतरी सुचवणारच. शास्त्रातली तिची व्याख्या ‘अप्रतीकारपूर्वकम्’ सोसणे अशी आहे, म्हणजे प्रतिकार न करता, उपाय न शोधता. त्यामुळे तोही अर्धाच बसतो.

‘उदासीन’ची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. उद् अधिक आसीन, म्हणजे वर किंवा बाजूला बसलेला, कुठल्याच पक्षात न ओढला गेलेला. गीतेच्या बाराव्या अध्यायात ‘अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः’ असा चरण आहे. त्यात दक्ष आणि उदासीन शेजारी शेजारी बसले आहेत, आणि कुणालाच अडचण होत नाही. आज मराठीत ‘मतदार उदासीन’, ‘प्रशासन उदासीन’ असे मथळे येतात आणि दक्ष हा त्याचा विरुद्धार्थी शब्द वाटतो. ग्रीक ‘अपाथिया’चेही हेच झाले. स्टोइकांना अभिप्रेत होती ती विकारांच्या तावडीतून सुटका. इंग्रजीत उतरता उतरता त्याची ‘अपथी’ झाली, म्हणजे कशाचेच काही न वाटणे. दोन शब्द, दोन खंडांत, एकाच घसरगुंडीवरून खाली आले.

भाषांतराची ही डोकेदुखी खुद्द सेनेकालाही झाली होती, याचा मला फार दिलासा वाटतो. एका पत्रात तो लिहितो की अपाथियाला लॅटिनमध्ये एकच शब्द द्यायची घाई केली तर ‘इम्पाशिएन्शिया’ म्हणावे लागेल, आणि त्याचा अर्थ लोक नेमका उलटा घेतील, काहीच सहन न होणारा असा. इंग्रजी ‘इम्पेशन्स’ तिथलाच. त्यामुळे एका शब्दाचा हट्ट सोडून तो ‘ज्याला जखम करता येत नाही असे मन’ असे फोडून सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन माणसाला जे जमले नाही ते आपल्याला जमत नसेल तर मराठीची लाज वाटायचे कारण नाही.

आता सासूबाई. ‘स्थितप्रज्ञ’ हा शब्द चुकीचा नाही, पण तो फार वरच्या माणसाचा आहे. स्टोइकांकडेही असा एक परिपूर्ण ज्ञानी आहे. पण सेनेका म्हणतो, तसा माणूस फिनिक्स पक्ष्यासारखा पाचशे वर्षांतून एकदा जन्माला येतो. बाकीचे सगळे वाटेवरचे. त्या वाटेवरच्या माणसासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द होता, ‘पुढे सरकणारा’ अशा अर्थाचा. मराठीत ही जोडी तयार आहे: सिद्ध आणि साधक. नातवाला साधक म्हटले असते तर सासूबाईंनी हुमण काढले नसते. त्यातून एपिक्टेटस नावाचा जो स्टोइक, जन्माने गुलाम आणि पायाने अधू, त्याने तर बजावलेच आहे की स्वतःला तत्त्वज्ञ म्हणवून मिरवू नका, मेंढ्या किती गवत खाल्ले ते धनगराला ओकून दाखवत नाहीत, लोकर आणि दूध देतात. फ्रिजवरच्या कागदाबद्दल मी आणखी काही बोलत नाही.

राहिला ‘निर्विकार’. दुसऱ्या शतकातला रोमन लेखक ऑलस गेलियस याने एक प्रसंग लिहून ठेवला आहे. ग्रीसहून इटलीला जाणारे जहाज वादळात सापडले. जहाजावर एक नावाजलेला स्टोइक होता, आणि त्याचाही चेहरा पांढराफटक पडला. वादळ ओसरल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याला डिवचले. गेलियसने मात्र आदराने विचारले, तेव्हा त्याने एपिक्टेटसचे पुस्तक काढून दाखवले. मुद्दा असा: पहिला धक्का ज्ञानी माणसालाही बसतो, तो कुणाच्या हातात नसतो. त्यानंतर ‘होय, हे भयंकर आहे’ असा रुकार मनाने द्यायचा की नाही, एवढेच आपल्यावर असते. तेव्हा निर्विकार चेहरा ही काही स्टोइकाची खूण नव्हे.

इथे मला वाटते, मराठीत विशेषण शोधत बसण्यात आपली चूक होते आहे. हा विचार मराठीच्या क्रियापदांत आहे. ‘मला राग आला’ हे वाक्य बघा. यात येणारा राग आहे, मी नुसता ‘मला’ होऊन बाजूला उभा. काळजात धस्स होते, पोटात गोळा येतो, अंगावर काटा येतो: यातले एकही काम मी करत नाही. पण ‘मी राग धरला’ म्हटले की कर्ता मी झालो, हात माझा. आणि पुढे ‘राग अनावर झाला’ की मी वाक्यातूनच नाहीसा. सेनेकाने रागावर जे लिहिले आहे त्यात नेमक्या याच तीन पायऱ्या आहेत: पहिली आपोआप होणारी, दुसरी मनाच्या संमतीने होणारी, तिसरी आवरेनाशी झालेली. स्टोइकांचे सगळे काम दुसऱ्या पायरीवर चालते. येणारा राग येऊ द्या, धरायचा की नाही ते बघा. इंग्रजीत ‘मी रागीट आहे’ अशा धर्तीवर बोलावे लागते, तिथे हा भेद पुन्हा समजावून द्यावा लागतो. आपल्याकडे आजी नातवाला सहज सांगते, “राग धरू नको हं मनात.” राग येऊ देऊ नको, असे शहाणी आजी म्हणत नाही.

एपिक्टेटसच्या छोट्या हातपुस्तकाचे पहिलेच वाक्य ‘काही गोष्टी आपल्यावर आहेत, काही नाहीत’ असे आहे. ग्रीक शब्दही ‘आपल्यावर’ असाच आहे. मराठीत ‘आता ते तुझ्यावर आहे’ म्हणतो तसाच. माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांविषयीचे त्याचे मत करते, हेही त्याचेच. हे वाक्य घेऊन अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास नवी मानसोपचार पद्धती उभी केली, आणि तिला मराठीत ‘विवेकनिष्ठ’ हे नाव मिळाले. विवेक म्हणजे निवडणे, वेगळे करणे. मला ते नाव चपखल वाटते.

हे सगळे मला एकदा रायबंदरच्या धक्क्यावर दिसले. चोडणला जायची फेरीबोट माझ्या डोळ्यांदेखत फळी उचलून सुटली. मी हॉर्न वाजवला. का वाजवला ते विचारू नका, बोट काही मागे येणार नव्हती. शेजारी स्कूटरवर एक म्हातारे गृहस्थ होते, हँडलला बांगड्यांची पिशवी. त्यांनीही “आरे!” म्हटले. मग पिशवी काढली, भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवली, वर ओला रुमाल घातला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “वचूं दी. आनीक एक येतली.” जाऊ दे, आणखी एक येईल. बोट त्यांच्या हातात नव्हती, बांगडे होते. दक्ष आणि उदासीन एकाच माणसात कसे राहतात, ते मला गीतेपेक्षा त्या पिशवीने लवकर समजावले. एपिक्टेटसने सार्वजनिक स्नानगृहाचे उदाहरण दिले आहे: तिथे जाण्याआधी मनाशी म्हणा की लोक पाणी उडवतील, ढकलतील, शिव्या देतील, वस्तू चोरतील, आणि मला अंघोळही करायची आहे, डोकेही ठिकाणावर ठेवायचे आहे. आता धक्क्यावर जाताना मीही म्हणतो. दहातून चार वेळा जमते. हॉर्न अजून वाजतो.

मग त्या गृहस्थांना सुशेगाद म्हणायचे का? नाही. सुशेगाद हा पोर्तुगीज ‘सोसेगादु’वरून आला, अर्थ निवांत, शांतावलेला. पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याला आळशी करून टाकले, त्याचा मला राग येतो (धरत नाही). पण खरा सुशेगादपणासुद्धा सगळे जागच्या जागी असताना येतो. दुपारचे जेवण झाले आहे, बाहेर पाऊस पडतो आहे, कुणी दार वाजवत नाही. हुमणाला मीठ कमी पडले की तो मोडतो. स्टोइकाची परीक्षा तिथून सुरू होते. गंमत म्हणजे व्युत्पत्तिकारांच्या मते सुशेगादच्या मुळाशी लॅटिनमधला ‘बसणे’ हा धातू आहे, उदासीनमध्येही बसणेच आहे, तर ‘स्टोआ’ आणि ‘स्थितप्रज्ञ’मधला ‘स्था’ हे दोन्ही उभे राहण्याचे. यावरून काही सिद्ध होत नाही.

वापरायचे कसे? पंथाविषयी लिहिताना ‘स्टोइक’ आणि ‘स्टोइक तत्त्वज्ञान’ असेच ठेवा. बौद्ध, जैन ही नावे आपण भाषांतरित करत नाही. ‘स्टोइकवाद’ मला जड वाटतो, कारण हे लोक वाद घालण्यापेक्षा सराव जास्त करत. लहान एसचा अर्थ आला तर प्रसंग बघून खंबीर, धीराचा, अविचल यातला शब्द घ्या. ‘वडील गेले तेव्हा तो स्टोइक राहिला’ असे लिहिण्यापेक्षा ‘तो खंबीर राहिला’ बरे. आणि घरात समजावून सांगायचे असेल तर शब्द देऊच नका, क्रियापद द्या.

ऱ्हस्व-दीर्घाचे विचारले नव्हते, तरी सांगतो. टॉनिक, पिकनिक लिहितो तसे स्टोइक, ऱ्हस्व इ. कागद फ्रिजवर राहणारच असेल तर तेवढी दुरुस्ती करून घ्या.