पेंटरच्या लेकीला लेझर शिकायचाय

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका वडिलांचं पत्र आलंय. त्यांचं बोर्ड रंगवायचं दुकान आहे, तीस वर्षं हातानं अक्षरं काढली. फ्लेक्स आल्यापासून निम्मं काम गेलं. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. उद्यमनगरात एका दुकानात तिनं लेझरवर अ‍ॅक्रिलिक कापताना बघितलं, आणि आता म्हणते, डिग्रीला जात नाही, कर्ज काढून मशीन घेऊया. विकणारा सांगतोय, दोन दिवसांत चालवायला शिकवतो. वडील विचारतात, "हे खूळ आहे की करिअर? आणि हे मशीन नेमकं करतं तरी काय?"

नमस्कार पेंटरदादा,

खूळ अजिबात नाही. पण मशीन आत्ता घेऊ नका. असं का म्हणतो ते कळायला आधी मशीनच्या पोटात डोकावू.

आत काचेची एक लांब नळी असते. तिच्यात कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम हे वायू भरलेले असतात. नळीला हजारो व्होल्टची वीज दिली की आधी नायट्रोजनचे रेणू थरथरायला लागतात. ते कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंवर आदळून आपली ऊर्जा त्यांना देतात, आणि ते रेणू ती प्रकाश होऊन सोडतात. हेलियम त्या दमलेल्या रेणूंना थंड करून परत कामाला लावतो. नळीच्या दोन टोकांना आरसे असतात, त्यांच्यामध्ये प्रकाश ये-जा करत वाढतो आणि एका टोकातून थोडाथोडा बाहेर पडतो. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. त्याची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन, म्हणजे अवरक्त. मशीनवर जो लाल ठिपका दिसतो तो फक्त जागा दाखवायला वेगळा लावलेला असतो.

बाहेर पडलेला किरण तीन आरशांवरून वळत हलत्या डोक्यापर्यंत येतो. तिथलं भिंग झिंक सेलेनाइडचं असतं, कारण साध्या काचेतून हा प्रकाश जातच नाही. भिंगाखाली किरण गोळा होऊन मिलिमीटरच्या एक-दोन दशांश भागाएवढा होतो, आणि त्या टिंबावर अ‍ॅक्रिलिकची वाफ होते. डोकं रेषेवरून सावकाश फिरलं की कट. शेतात नांगर फिरावा तसं कमी ताकदीनं मागेपुढे गेलं की वरचा थर जातो, ते एनग्रेव्हिंग. अ‍ॅक्रिलिकची कड काचेसारखी चकचकीत निघते, एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची, काळी पडते.

लेकीला एक गोष्ट आवर्जून सांगा. हा कार्बन डायऑक्साइड लेझर 1964 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. ते जन्मले बारामतीत आणि इंजिनिअर झाले पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात.

आता तुमच्या धंद्याचं बोलू. अ‍ॅक्रिलिकची अक्षरं, नेमप्लेट, ट्रॉफी, रबरी शिक्के, लग्नपत्रिका, लाकडी खोकी, हे सगळं या मशीनचं काम. इचलकरंजीकडे कापड आहे. सिंथेटिक कापडाची कड लेझरनं कापतानाच वितळून बंद होते, सुटत नाही. फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यांच्या, पॅटर्नवाल्यांना एमडीएफचे अचूक साचे लागतात. चामडंही कापलं जातं, पण कड जळते आणि वास राहतो. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते हातच्या कामासाठी. तिच्या चामड्यावर लेझर चालवण्यापेक्षा मापाचे पुठ्ठ्याचे फर्मे कापून द्यावेत असं माझं मत आहे. स्टीलची किंवा पितळेची अक्षरं मात्र या मशीनवर होणार नाहीत. उघडा धातू हा किरण बराचसा परतवून लावतो. तिथं फायबर लेझर लागतो, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या पत्र्याच्या कामाला तोच बघायला मिळेल.

आणि आता मुख्य मुद्दा. मशीन चालवणं खरंच दोन दिवसांत येतं. म्हणूनच नुसतं मशीन चालवणाऱ्याला भाव नाही. भाव आहे तो काय कापायचं हे जाणणाऱ्याला, आणि ते तुमच्या घरात आहे. तुम्ही पत्र्याचे स्टेन्सिल कापले असतील, म्हणून तुम्हाला माहीत आहे की 'व', 'ब', 'प', 'म' कापला की त्याचं पोट निखळून पडतं, तिथं बारीक दांडी सोडावी लागते. अ‍ॅक्रिलिकचा अख्खा शब्द कापायचा असेल तर शिरोरेषा सगळी अक्षरं धरून ठेवते, पण अनुस्वाराचा टिंब सुटतो. तो मात्रेला टेकवायचा की वेगळा चिकटवायचा? बारीक वेलांटी किती जाड ठेवली म्हणजे मोडणार नाही? कॉम्प्युटरवरचा फॉन्ट याचं उत्तर देत नाही. तीस वर्षं ब्रश धरलेला माणूस देतो. लेकीला रोज तासभर तुमच्यासमोर बसवा, आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर कोरल ड्रॉ या चित्रं-अक्षरं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये. याच गावात नाटकाचे परदे रंगवणाऱ्या आनंदराव आणि बाबुराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा जुळवायला घेतला होता. पेंटरच्या घरानं यंत्राला हात घालणं कोल्हापूरला नवं नाही.

एका धोक्याचं बोलल्याशिवाय पत्र पुढे नेणार नाही, कारण तुमच्या दुकानात तो धोका ढिगानं पडलेला असेल. फ्लेक्स, व्हिनाइल, सनबोर्ड, रेक्झिन, यांतलं बहुतेक पीव्हीसी, म्हणजे क्लोरीन असलेलं प्लास्टिक, असतं. ते लेझरखाली गेलं की हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो. छातीत गेला तर घातक, आणि मशीनच्या पट्ट्या-आरसे गंजवून टाकतो. शंका आली तर तांब्याची तार लाल तापवून त्या प्लास्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर तो तुकडा मशीनजवळ नेऊ नका. ही तपासणीही उघड्यावर आणि चिमूटभर तुकड्यावरच करायची. अ‍ॅक्रिलिक पेटतं, म्हणून मशीन चालू असताना चहाला जायचं नाही. झाकण उघडं ठेवून चालवायचं नाही, हा किरण डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो. नळीला पाण्याचा पुरवठा थांबला तर ती तडकते, आणि नळी काही हजार तासांनी तशीही बदलावी लागते. विकणारा हा खर्च सहसा सांगत नाही, तुम्ही विचारा.

शिक्षणाबद्दल: डिग्री नको म्हणते तर ऐका, पण शिक्षण सोडू देऊ नका. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तर ती मशीन दुरुस्तही करेल. आरशावर चिकटपट्टी लावून किरण कुठं पडतो ते बघत आरसे जुळवणं, पॉवर सप्लाय तपासणं, हे करणाऱ्याला फोन करून बोलवावं लागतं. हात चित्रात जास्त रमत असेल तर उपयोजित कलेचाही विचार करा, कोल्हापुरात त्याची चांगली परंपरा आहे. दोन्हींत मी डिप्लोमाकडे झुकेन, कारण अक्षर ती घरी शिकतेच आहे.

कॉलेजच्या वेळेव्यतिरिक्त तिला जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्यांचं काम कापून देणाऱ्या, दुकानात कामाला लावा, निदान वर्षभर. पगार कमी असला तरी चालेल. तिथं मापात चुकायला मिळतं: 3 मिलिमीटर म्हणून घेतलेलं अ‍ॅक्रिलिक खरं 2.8 भरतं, किरण स्वतःची रुंदी खातो, आणि खाचेत बसवायचा तुकडा सैल होतो. या चुका दुसऱ्याच्या मशीनवर, मालक शेजारी असताना झालेल्या बऱ्या. वर्षानंतर हातात पंधरा-वीस नेहमीची गिऱ्हाइकं असतील तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन कर्जाच्या योजना विचारा. गिऱ्हाइकं नसतील तर आणखी एक वर्ष जॉबवर्कच करा.

या रविवारी एक करा. तुमच्या हातचं जुनं, आवडतं नाव निवडा, एखाद्या कमानीवरचं. लेकीला ते कॉम्प्युटरवर उतरवायला सांगा आणि उद्यमनगरात 3 मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकमध्ये कापून आणा. कुठं मोडलं, कुठं बारीक झालं ते दोघं मिळून बघा. तो तुकडा घेऊन दोघंही मला भेटायला या.