काचेवर वाळलेलं सिमेंट आणि वरच्या वहिनी

प्रश्न : ताई, आमच्या वरच्या घरात दीड महिन्यापासून काम चालू आहे, आधी बाथरूम फोडलं, मग बाल्कनी, आता बाहेरून गिलावा. रोज काही ना काही खाली पडतंच. बेडरूमच्या काचेवर सिमेंटचे शिंतोडे वाळून बसलेत, ग्रिलवर ओघळ आलेत, बाल्कनीच्या टाइल्सवर पांढरट थर आहे आणि आता तिथलं पाणीही सावकाश जातंय. मिस्त्रीला सांगितलं तर म्हणतो "पाण्याने निघेल हो मॅडम". वरच्या वहिनींशी आमचं चांगलं आहे, आमची एक चावी त्यांच्याकडे असते, त्यामुळे बोलायला जीभ रेटत नाही. मिस्टर म्हणतात काम संपू दे, मग माणूस लावून एकदाच साफ करू. काल तारेच्या घासणीने काचेचा एक कोपरा घासला तर ओरखडे उठले. काय करू?

उत्तर : आधी ती घासणी लांब ठेवा. शिंतोड्यात नुसतं सिमेंट नसतं, वाळू पण असते, म्हणजे तुम्ही काच तारेने घासलीत आणि वर वाळूनेही घासलीत. ते ओरखडे आता जाणार नाहीत, फार तर पॉलिश करून थोडे फिके पडतील. जाऊ दे, एकाच कोपऱ्यात आहेत.

मिस्टरांचं "काम संपू दे" मात्र ऐकू नका. सिमेंट म्हणजे चिखल नाही की वाळला तरी पुन्हा भिजवला की सुटेल. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते, काही तासांत घट्ट होतं आणि पुढे आठवडेच्या आठवडे आणखी कडक होत जातं, म्हणून तर बांधकामवाले काँक्रीटची ताकद 28 दिवसांनी तपासतात. मिस्त्री म्हणतो ते खरं आहे, पण ओलं असेपर्यंतच, पहिल्या तासाभरात फडक्यानेसुद्धा निघतं. दुसरं म्हणजे ओलं सिमेंट चांगलंच अल्कलाइन असतं, म्हणजे अॅसिडच्या उलट पण तेवढंच दाहक, पीएच 12 च्या वर (साध्या पाण्याचा 7), आणि ते काच आणि अॅल्युमिनियम दोन्ही खातं. माझ्या स्वतःच्या खिडकीवर एक थेंब मी आळसाने पाच महिने तसाच ठेवला होता. नंतर खरवडला तर सिमेंट निघालं पण थेंबाचा आकार काचेत राहिला, धुरकट, अजून आहे, संध्याकाळी ऊन तिरकं आलं की बरोब्बर डोळ्यात येतो.

तर काच अशी करा. आधी भरपूर पाणी ओतून सुटी वाळू खाली जाऊ द्या, हात लावू नका. मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन त्यात जुनं फडकं भिजवा आणि शिंतोड्यांवर चिकटवून पंधरा-वीस मिनिटं सोडा, सुकायला लागलं की परत भिजवा. पातळ डाग असेल तर एवढ्यावरच मऊ पडतो. जाड असेल तर काच ओली ठेवून नवी ब्लेड अगदी आडवी धरायची आणि एकाच दिशेने सरकवायची, मागेपुढे नाही, कारण मागे ओढताना अडकलेला वाळूचा कण रेघ मारतो. काचेवर फिल्म लावलेली असेल किंवा काच नसून प्लास्टिकची शीट असेल तर ब्लेड अजिबात नको. आणि स्लायडिंगचा ट्रॅक आधी ब्रशने साफ करा, त्यात खडा असताना खिडकी सरकवलीत तर चाकंच जातील. ग्रिलला लाकडी पट्टी पुरते, तिथे रंग उडाला तर गंज धरेल. फ्रेमवर व्हिनेगर ओघळलं तर लगेच धुऊन टाका.

टाइल्सना पण व्हिनेगर चालेल, पण मार्बल असेल तर लिंबू, व्हिनेगर, अॅसिड काही म्हणजे काही लावू नका, चकाकी जाते आणि नुसत्या पुसण्याने परत येत नाही. बाथरूमचं कडक अॅसिड ओतायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच. मी तरी घरात ते करणार नाही, ग्रिल जाते, टाइल्सच्या फटीतलं सिमेंटही जातं, आणि चुकून त्यावर ब्लीच पडलं तर क्लोरिन वायू होतो, गंमत नाही ती.

पाणी सावकाश जातंय हे मला शिंतोड्यांपेक्षा जास्त काळजीचं वाटतं, कारण वरून तगारी धुतलेलं पाणी जाळीत ओतलं जात असणार. सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं, त्यामुळे बादल्या ओतून ते वाहून जाईलच असं नाही. आजच जाळी उचला, हाताला लागेल तेवढा गाळ बाहेर काढा (ग्लोव्ह्ज घालून, ओल्या सिमेंटने हात भाजल्यासारखे होतात) आणि वर सांगा की धुतलेलं पाणी बादलीत खाली बसू द्यायचं, गाळ गोणीत भरायचा. पाइप आतून बसला तर तो त्यांचाही आहे ना.

आता वहिनी. त्यांना बहुतेक माहीतच नसेल, वरून खालची काच दिसत नाही. मिस्त्रीशी वाद घालू नका, तो उद्या दुसऱ्या कामावर असेल. फोटो काढा, लांबून एक आणि जवळून एक, आणि तक्रारीच्या सुरात नाही तर दाखवायला म्हणून त्यांनाच खाली बोलवा. मग आठवणीसाठी एक मेसेज टाका, असा काहीतरी: "वहिनी, आज बघितलंत तसं काच, ग्रिल आणि बाल्कनीवर सिमेंट आहे. गिलावा चालू आहे तोवर आमच्या खिडकीवर प्लास्टिक बांधायला सांगाल का, आणि शेवटचं बिल देण्याआधी त्यांच्याकडूनच साफ करून घ्याल का?" यातलं बिलाचं वाक्य गाळू नका. कॉन्ट्रॅक्टरचे पैसे अडकलेत तोवर तो माणूस पाठवतो, पैसे मिळाल्यावर फोनसुद्धा उचलत नाही. म्हणूनही काम संपायची वाट बघायची नाही. साफसफाईला त्यांची माणसं आली तर समोर उभ्या राहा, नाहीतर तीही तारेची घासणीच काढतील.

प्रश्न : शेजारी टाइल्स कापतायत. दारं बंद ठेवूनही सगळ्यावर पांढरी धूळ, दिवसातून तीनदा झाडतो. आईला दमा आहे.

उत्तर : दादा, झाडू बंद करा. टाइल कापताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते, त्यातले बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते थेट फुप्फुसात खोल जातात. तुम्ही झाडता तेव्हा खाली बसलेली धूळ परत आईच्या नाकाशी नेता. फरशी ओल्या पोछ्याने पुसा, पाणी सारखं बदला, फर्निचरला ओलसर फडकं. व्हॅक्यूम असेल तर हेपा फिल्टरवालाच (अगदी बारीक कण अडवणारा), साधा मशीन बारीक धूळ मागून बाहेर फेकतो. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल दाबा, त्यांच्या बाजूची खिडकी बंद आणि पलीकडची उघडी. आईला शक्यतो लांबच्या खोलीत ठेवा, औषधाचं डॉक्टरांना विचारा. पुसताना तुम्ही एन-95 लावा, रुमाल बांधून काही होत नाही.

आणि शेजाऱ्यांना एकच गोष्ट सांगा, पाणी सोडून कापा. कटरवर पाण्याची धार असली की धूळ उडायच्या ऐवजी राड्यात बसते. राडा त्यांच्या घरात होतो म्हणून मिस्त्री नको म्हणेल, मग निदान कापायचं काम बाहेर मोकळ्यावर करा म्हणावं, किंवा वेळ सांगा म्हणजे तेवढा वेळ आईला बाहेर नेता येईल. आईला दमा आहे हे त्यांना स्पष्ट सांगितलंय का तुम्ही? पत्रात तसं काही दिसलं नाही.