सहा हजारांची शाळा की चार हजार दोनशेची?

शारजाहून एकीने लिहिलंय: "काकू, मी मूळची सांगलीची, एमए इंग्लिश, बीएड. इथे येऊन चार वर्षं झाली, मुलगा दुसरीत आहे, मुलगी तीन वर्षांची. आता इंग्लिश टीचरच्या दोन ऑफर हातात आहेत. दुबईतली शाळा 6,000 दिरहम देतेय, घराजवळची 4,200. ह्यांचं म्हणणं, अठराशेचा फरक आहे, सांगलीच्या फ्लॅटचा हप्ता निघेल, विचार कसला करतेस. दुबईच्या शाळेची बस इथे शारजातल्या रोल्याला पहाटे 5:20 ला येते, तेवढंच जरा. काय करू?"

अगं, "तेवढंच जरा" असं तू जे शेवटी सहज टाकलंयस ना, सगळी मेख तिथेच आहे.

आधी हिशोब मांडू. मुलगी आत्ता बिल्डिंगमधल्या चेचीकडे (मल्याळी ताईकडे) अर्धा दिवस असते, तिचे 600 देतेस, आणि दुबई धरलीस तर पूर्ण दिवसाचे 1,100 होणार असं तूच लिहिलंयस, म्हणजे 500 तिथेच गेले. शारजाची शाळा मुलाला अर्धी फी माफ करतेय, वर्षाला 9,000 फी म्हणजे महिन्याला 375 वाचतात, दुबईवाले पहिल्या वर्षी काहीच देत नाहीत. आणि साडेचारला घरी येऊन तू रोज पोळ्या लाटशील असं तुला आज वाटतंय, पण आठवड्यातनं दोनदा तरी डबा मागवशीलच, त्याचे चारशे धर. उरले किती? 525.

आता तास मोज. शारजात शाळांना शुक्रवार-शनिवार-रविवार सुट्टी, चार दिवस जरा लांब असतात, तरी सकाळी 6:50 ला निघून तीनला घरात, म्हणजे आठवड्याचे साधारण 33 तास. दुबईत 2022 पासून शुक्रवार अर्धा दिवस झालाय खरा, पण तुला शुक्रवारीही 5:20 लाच उभं राहायचंय, सगळं धरून साडेबावन्न तास होतात. आठवड्याला वीसेक तास जास्त, महिन्याला ऐंशी. 525 ला 80 ने भाग. साडेसहा दिरहमला एक तास विकतेयस तू बाई! कॅफेटेरियात तीन-चार कडक चहा येतील तेवढ्यात.

तुझे अहो म्हणतील सेकंडहँड गाडी घेऊ, मग एवढ्या लवकर निघायला नको. घ्या की, पण हप्ता, इन्शुरन्स, पेट्रोल, आणि सालिक, म्हणजे दुबईचा टोल, आता गर्दीच्या वेळेला एका गेटचे 6 दिरहम घेतं, आणि शारजा-दुबईच्या इत्तिहाद रोडवर सकाळी गाडी असली काय नि नसली काय, हलत कोण नाही.

मी स्वतः हे केलेलं आहे म्हणून एवढं तोंड चालतंय. पगार बघून लांबची शाळा धरली होती, नाव नाही सांगत. इंटरव्ह्यूत कुणी सांगितलं नाही आणि मी मूर्खासारखं विचारलंही नाही की वर्ग किती आणि वह्या किती. इंग्लिशवाल्यांचं दुखणं वेगळं असतं गं, पीटीच्या सरांना वह्या नसतात. पाच तुकड्या, तुकडीत तीस मुलं, प्रत्येकाची एक लिटरेचरची वही, एक ग्रामरची, झाल्या तीनशे. फ्री पिरियडला तपासू म्हटलं तर स्टाफरूमच्या बोर्डावर सब्स्टिट्यूशनला माझंच नाव. मग बसमध्ये मांडीवर गठ्ठा घेऊन तपासायचे, सिग्नलला ड्रायव्हरने ब्रेक मारला की लाल रेघ पार मार्जिनपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी एका आईची डायरीत चिठ्ठी, मॅम, माय सन्स होल पॅराग्राफ इज कट, व्हाय? काय सांगणार तिला, ब्रेक लागला म्हणून! दीड वर्षात सोडली.

तर शाळेबद्दल काय काय विचारायचं, ते सांगते. आठवड्याला पिरियड किती, तुकडीत मुलं किती, बसमध्ये ड्यूटी आहे का, पीटीएम (पालकसभा) शनिवारी घेतात का. हे एचआरला नको विचारूस, तिथल्याच एखाद्या टीचरला गाठ, महाराष्ट्र मंडळात कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच.

आणि ऑफर लेटरमध्ये बेसिक बघ. तू पाठवलेल्या फोटोत दुबईचे 6,000 दिसतात पण त्यात बेसिक फक्त 2,000, बाकी सगळे अलाउन्स, आणि शारजाच्या 4,200 मध्ये बेसिक 2,900 आहे. इथली ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांची. म्हणजे दुबईत वर्षाला 1,400 साठणार आणि कमी पगाराच्या शाळेत 2,030. हे ह्यांना दाखव, इंजिनिअर माणूस आहे, आकड्यांना मान देईल. (मी काय म्हणते ते ऐकणार नाहीत, माहितीये मला.) तिसरं बाळ वगैरे डोक्यात असेल तर हेही बघून ठेव की कायद्याने इथे मॅटर्निटी लीव्ह 60 दिवस आहे, 45 पूर्ण पगारी आणि 15 अर्ध्या. पासपोर्ट ठेवून घेतो म्हणाले तर तिथूनच परत ये, तो ठेवायचा त्यांना अधिकारच नाही.

हप्त्याचं टेन्शन मला कळतं. रुपया पडला की आपल्याला वाटतं पगार वाढला, पण घरभाडं आपण दिरहममध्येच भरतो, हे विसरून चालत नाही. त्या अठराशेची थोडीफार भरपाई ट्यूशनमधून होईल. पण गुपचूप नको हं, दंड आहे. 2023 च्या डिसेंबरपासून युएईत खाजगी शिकवणीचं वेगळं परमिट निघालंय, फी नाही, पण बाकीच्या कागदांबरोबर शाळेचं एनओसीही लागेल. शुक्रवार मोकळा आहे, सकाळी दोन मुलं घेतलीस तरी पुरे. एनओसी देता का, हे सही करायच्या आधीच विचार, नंतर शाळा टाळाटाळ करतात.

तुझ्या ह्यांच्या मित्राने बँकॉकच्या शाळेत नोकरीचं सुचवलंय असंही तू लिहिलंयस, त्यावर फार नाही बोलत. तिकडे ब्रिटिश-अमेरिकन पासपोर्टवाल्यांना आधी विचारतात, आपल्याला इंग्रजीची परीक्षा देऊन दाखवावी लागते वर पगारही बहुतेक कमी, आणि दोन मुलांची इंटरनॅशनल शाळेची फी भरायची म्हटली तर तू फुकटच शिकवशील. एकटी असतीस तर म्हटलं असतं जा, मजा कर दोन वर्षं.

मी तुझ्या जागी असते तर शारजा. फक्त एका अटीवर दुबई: दोन्ही मुलांची पूर्ण फी माफ आणि बेसिक निदान 3,000, आणि तेही लेखी. मागून तर बघ, नाही म्हणाले तर तुझं काही जात नाही. तसं झालं तर हिशोब परत मांडू, मला मेल कर. आणि नकार कळवायचा झाला तर फोनवर नको, नीट ईमेल लिही. इथल्या भारतीय शाळांचं एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू झालं की पहिल्या महिन्यात कुणी ना कुणी सोडून जातंच, तेव्हा तेच लोक परत फोन करतात, आणि त्या वेळी भाव तू ठरवायचास.