खुराड्याला उंदीर लागले तर

प्रश्न : ताई, नमस्कार. घणसोली गावात आमचं जुनं घर आहे, मागे परस. सात गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. खुराडं सासऱ्यांनी बांधलेलं, लाकडी, खाली मातीची जमीन. पाऊस सुरू झाल्यापासून उंदीर फार वाढलेत, आणि भिंतीच्या कडेला घुशीने मातीचे ढीग काढलेत. खुडूक बसवलेल्या कोंबडीची तीन पिल्लं दोन रात्रींत गेली. बाजारातून कोंबड्यांची जाळी आणून लावली, तरी उंदीर आत शिरतात. नारळाची झावळी छपरावर टेकते, तिथूनही खुडबुड ऐकू येते. शेजारचे काका म्हणतात विषाची वडी ठेवा. घरात चार वर्षांची मुलगी आहे, एक मांजरही येऊन-जाऊन असतं. काय करू?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : ताई, काकांनी काळजीपोटी सांगितलं असेल, पण विष आणू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी करताना विष खाल्लेली मांजरं-कुत्री माझ्या टेबलावर आलेली आहेत, म्हणून इतकं ठाम सांगते. बाजारातल्या बऱ्याच वड्यांमध्ये ब्रोमॅडिओलोन असतं. त्याने रक्त गोठायचं थांबतं, पण उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्तावून भर दिवसा उघड्यावर फिरतो. कोंबडी काही शाकाहारी नाही. लहान उंदीर समोर आला तर ती चोचीने फाडून खाते, आणि मांजर तर खाणारच. हे विष पोटात गेलेलं जनावर वेळेत आणलं, तर के-१ जीवनसत्त्व देऊन वाचवता येतं. झिंक फॉस्फाइडच्या काळ्या पुडीचं तसं नाही. पोटातल्या आम्लात तिचा फॉस्फीन वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट माणसाचं यकृत निकामी करते. चार वर्षांच्या मुलीच्या घरात यातलं काहीही नको.

आज रात्रीचं आधी बघा. उरलेली पिल्लं आणि त्यांची आई बारीक जाळीच्या पिंजऱ्यात घालून घरात किंवा पडवीत उंचावर ठेवा. डालग्याखाली झाकू नका, घूस बांबू कुरतडते आणि खालून उकरतेही. खुराडं नीट होईपर्यंत पिल्लं तिथे परत नेऊ नका.

आता मूळ गोष्ट. उंदीर तुमच्याकडे कोंबडीसाठी येत नाही, खाद्यासाठी येतो. पिल्लू आणि अंडं त्याला वाटेत मिळतं. एक मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, मोठा उंदीर रात्रीत २०-२५ ग्रॅम. म्हणजे पाच उंदीर असले की एका जास्तीच्या कोंबडीचं खाद्य तुम्ही भरताय. उंदरीण साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं सहज होतात, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. खाणं चालू ठेवून तुम्ही कितीही मारलेत तरी तेवढे पुन्हा येणार. म्हणून पहिलं काम रात्रीचं खाणं बंद करण्याचं.

कोंबडी अंधारात खात नाही. त्यामुळे संध्याकाळी खाद्याचं भांडं उचललं तर तिची उपासमार होत नाही. दिवस मावळेपर्यंत संपेल एवढंच घाला. सांडलेली कणी झाडून घ्या, पाण्याचं भांडंही उचला, अंडी संध्याकाळीच काढा. खाद्याचं पोतं घरात ठेवलं तरी उंदीर ते फोडणार. गोडेतेलाचे १५ किलोचे पत्र्याचे डबे मिळतात, ते धुऊन वाळवून घट्ट झाकणाचे करून घ्या. प्लॅस्टिकच्या पिंपाची कड उंदीर कुरतडतो. आणि एक सांगू का? आपल्या खाडीकाठच्या गावांत मासळी साफ करून आतडी-खवले मागच्या दारी टाकायची सवय असते. कोंबड्या दिवसा थोडं टिपतात, उरलेल्यावर रात्री घुशी येतात. ते कचऱ्याच्या डब्यात जाऊ द्या.

जाळीबद्दल तुमची फसगत झाली, कारण दुकानदार षटकोनी जाळीलाच कोंबडीची जाळी म्हणतो. ती कोंबडीला आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. छोटा उंदीर भोकातून जातो आणि मोठा ती बारीक तार तोडतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश मागा, चौकोनी भोकांची, जाड तारेची. पिल्लांच्या कप्प्याला पाव इंची लावा, कारण घरातला छोटा उंदीर जेमतेम सहा मिलिमीटरच्या फटीतूनही शिरतो. जाळी खिळ्यांनी ठोकून भागत नाही, एका कोपऱ्यात सैल पडली की संपलं. वरून लाकडी पट्टी घेऊन स्क्रूने आवळा. दाराच्या खालच्या कडेला पत्रा मारा. बहुतेक घरी वाट दाराखालूनच असते.

खालच्या मातीचं दोन प्रकारे करता येईल. खुराडं कायम तिथेच राहणार असेल तर गवंड्याकडून कोबा करून घ्या, धुवायलाही सोपा. ते जमणार नसेल तर भिंतीच्या बुडाशी जाळी लावून ती बाहेरच्या अंगाला फूट-दीड फूट जमिनीत आडवी पसरा आणि वर माती-दगड टाका. घूस भिंतीला लागूनच उकरायला सुरुवात करते. खाली जाळी लागली की मागे सरकून लांबून सुरुवात करायचं तिला सहसा सुचत नाही. नवीन खुराडं करायचंच झालं तर ते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच करा, खाली वाकून बघता येईल इतकं. टेकलेल्या फळीखाली ओल, अंधार, ऊब सगळं असतं, घर करायला त्यांना आणखी काय लागतं! सरपण, जुन्या विटा, फुटकी कौलंही खुराड्यापासून लांब हलवा.

छपरावर खुडबुडतो तो बहुधा नारळावरचा काळा उंदीर. तो जमिनीवर कमी उतरतो, झावळीवरून छपरावर येतो. टेकणारी झावळी कापा. खोडाला जमिनीपासून सहा फुटांवर दीड फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गच्च गुंडाळा, त्यावर त्याची नखं टिकत नाहीत. मात्र शेंड्याला शेजारचं झाड किंवा केबलची तार लागत असेल तर पत्र्याचा उपयोग शून्य.

हे सगळं झाल्यावर सापळा लावा, आधी नाही. आधी लावला तर खाद्याचा ढीग सोडून तो पिंजऱ्याकडे कशाला येईल? मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पिंजरा काही रात्री दार बांधून, उघडाच, भिंतीच्या कडेने ठेवा आणि आत सुका जवळा किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा घाला. खाऊन जायला लागला की मग बांधलेलं दार मोकळं करून पिंजरा लावा. खटक्याचा चाप वापरणार असाल तर तो खोक्यात, भोकापुरती वाट ठेवून, म्हणजे कोंबडीचा पाय किंवा मुलीचा हात जाणार नाही. चिकट पॅड नकोच. त्यात जनावर तासन् तास तडफडतं आणि पिल्लूही चिकटतं. बिळं संध्याकाळी कागदाच्या बोळ्याने बुजवा. सकाळी जे उघडं दिसेल त्यात वस्ती आहे. वस्ती संपली की खडी आणि सिमेंटने बंद करा. पकडलेली घूस पुढच्या आळीत सोडू नका, महापालिकेच्या विभाग कार्यालयात विचारा.

हे करताना गमबूट आणि हातमोजे घालाच. उंदराच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो, आणि पावसाच्या पाण्यातून, पायाच्या जखमेतून तो शिरतो. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली, ते आपण विसरू नये. लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून, थोडं थांबून, ओल्यानेच उचला. ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे जा आणि घरात उंदीर आहेत हे आवर्जून सांगा. उंदरांमागून धामण येते, कधी नागही. मारू नका, सर्पमित्राला बोलवा.

प्रश्न : आमच्या खुराड्यात रात्री लांब नाकाचं, चिकचिक करणारं, उग्र वासाचं जनावर येतं. डांबर गोळ्या टाकू का?
— एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : ती चिचुंद्री. उंदरासारखी दिसली तरी त्यांच्या कुळातली नाही, झुरळं-किडे खाऊन जगते. पोतं ती कुरतडत नाही, मोठ्या कोंबडीला काही करत नाही. अगदी लहान पिल्लांना मात्र जपा, वर सांगितलेली पाव इंची जाळी पुरेल. तिला मारू नका. डांबर गोळ्यांच्या वाफेने कोंबड्यांनाच त्रास होतो, बंद खुराड्यात तर जास्तच. टाकल्या असतील तर आजच काढा.