जुन्या ऑफ-रोड गाडीला बाहेरून टर्बो, फिल्टर, एक्झॉस्ट लावले तर इंजिनाची ताकद खरंच वाढते का?

टर्बोने (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) वाढते. बाकीच्यांनी जवळपास नाही. एवढंच उत्तर हवं असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय, "जुनी डिझेल आहे, टर्बो नाही, मोठे टायर टाकल्यापासून चढावर दम सोडते, इंजिन कमी पडतंय." नेमकं हेच वाक्य मी माझ्या साडूंच्या तोंडून ऐकलंय. त्यावरून आमच्यात पडलेली वादाची ठिणगी अजून विझलेली नाही, म्हणून लिहितोय.

आम्हा दोघांकडे एकाच बनावटीच्या गाड्या. साधं डिझेल इंजिन, डिझेल सोडणारा मेकॅनिकल पंप, टर्बो नाही. दोघांनी बरोबरच २९ इंची टायर काढून ३३ इंची चढवले. आणि दोन्ही गाड्या तुमच्यासारख्याच चढावर रडायला लागल्या. साडू म्हणाले, "इंजिनात जीव नाही, टर्बो लावू." मी म्हटलं, अहो, इंजिन कालचंच आहे. बदलले ते टायर.

हिशोब सोपा आहे. पहिला गिअर ४, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) लो रेशो २.५ आणि डिफरन्शियलचा (अ‍ॅक्सलमधली गिअरपेटी) ४.१० धरला, तर इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४१ पट होऊन चाकाला मिळतो. टायर २९चा ३३ केला की त्या ४१ची किंमत ३६ उरते. जमिनीवरची खेच १२ टक्के गेली, इंजिनाचा एक नटही ढिला न होता. शिवाय मोठा टायर जड असतो, तो फिरवायलाच जास्त जोर लागतो, ब्रेकवरही ताण येतो. यात इंजिनाचा काय दोष?

साडूंना हा हिशोब पटला नाही. मोठे आहेत, मला म्हणाले, "तू कागदावर गाडी चालवतोस." ते टर्बो किट लावून आले. मी आधी कॉम्प्रेशन गेज लावला, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणारं मीटर.

या गेजबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण जुन्या गाडीत सगळी मेख इथे असते आणि इथेच कुणी बघत नाही. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली होता. पहिला मेकॅनिक म्हणाला, रिंगा गेल्या, इंजिन बांधावं लागेल. मी हेड उघडू दिलं नाही. आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातला बारीक गॅप जिथे लावतात ते) बघा म्हटलं. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह झिजून झिजून सीटमध्ये वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप आपोआप कमी होत जातो. खडखड होत नाही, उलट इंजिन शांत वाटतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि कॉम्प्रेशन तिथून निसटतं. गॅप मापात आणल्यावर तो सिलिंडर बाकीच्यांच्या रांगेत आला. मग सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढून तपासले, तर दोन नोझल फवारा मारायच्या ऐवजी पिचकारी मारत होते. ते बदलले, पंप कॅलिब्रेट केला, टायमिंग बघितलं. मागच्या एका ड्रमचे ब्रेक लायनर घासत होते, तेही सोडवले. यातली एकही गोष्ट अपग्रेड नव्हे. कारखान्यातून निघताना गाडीत जी ताकद होती आणि वर्षानुवर्षांत जी गळून गेली होती, ती परत मिळाली. आणि हा फरक सीटवर बसल्या बसल्या कळतो, त्याला यंत्र लागत नाही.

त्यानंतर पुढचं-मागचं दोन्ही क्राउन-पिनियन (डिफरन्शियलचा रेशो ठरवणारी गिअरची जोडी) बदलून ४.१०चं ४.८८ केलं. (दोन्ही. एकच बदललं आणि फोर-व्हील टाकलं तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडून ट्रान्सफर केस फोडतील.) आता ४१ऐवजी ४३, तेही मोठ्या टायरचा तोटा धरून.

मग आम्ही दोघं एकाच चढावर गेलो. दगड, मधे पाण्याने कापलेली घळ, वर सुटी माती. साडूंच्या गाडीला ताकद नक्कीच जास्त होती, सपाट रस्त्यावर ते मला मागे टाकूनच आले होते. पण टर्बोला दाब तयार करायला एक्झॉस्टचा जोर लागतो आणि त्यांच्या किटमध्ये तो १८०० आरपीएमच्या आत येतच नव्हता. दगडावर चाक टेकवून चढताना इंजिन हजार-बाराशेवर असतं. तिथे त्यांच्याकडे ३६चीच खेच होती, टॅपेट न बघितलेल्या इंजिनाची. मग क्लच अर्धा दाबून आरपीएम चढवायचे, दाब एकदम यायचा, चाकं जागेवर फिरायची, गाडी घळीत सरकायची. क्लच जळल्याचा वास मला बाहेर उभ्या उभ्या येत होता. माझी गाडी त्याच चाकोरीतून, अ‍ॅक्सिलरेटरला जेमतेम पाय लावून वर गेली. साडू आजही घरी चार माणसं जमली की म्हणतात, "त्याला लाइन सोपी मिळाली." लाइन तीच होती. माझ्या चाकाच्या खुणा त्यांच्याच खुणांवर होत्या.

ऑफ-रोडवर तुम्हाला पॉवर कमी पडत नाही, खालच्या आरपीएमला चाकावरची खेच कमी पडते. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. बहुतेक बाहेरची किटं वरच्या आरपीएमला आकडा वाढवून दाखवतात, जिथे तुम्ही चढावर कधी जातच नाही. दमेकऱ्याला महागडे पळायचे बूट घेऊन द्यावेत तसं ते आहे.

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात. तेलाचा कापडी एअर फिल्टर: डिझेलमध्ये जुना फिल्टर तुंबलेला नसेल तर ताकद वाढत नाही, आणि धुळीच्या रस्त्यावर बारीक धूळ आत सोडतो ती सिलिंडर खाते. चांगला कागदी फिल्टर वापरा आणि वेळेवर बदला. मोकळा सायलेन्सर: टर्बो नसलेल्या गाडीत मुख्यतः आवाज वाढतो. स्नॉर्केल (हवा उंचावरून ओढणारी नळी): पाणी आणि धूळ यांच्यासाठी आहे, ताकदीसाठी नाही. चिप: मेकॅनिकल पंपाच्या गाडीत कॉम्प्युटरच नाही, चिप कशाला लावणार? असं कुणी विकत असेल तर सरळ फसवणूक आहे. कारखान्यातूनच टर्बो आणि इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन असलेल्या डिझेलमध्ये रीमॅपने (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) २०-२५ टक्के मिळू शकतात, पण तुमची गाडी ती नाही. आणि पंपाचा स्क्रू फिरवून नुसतं डिझेल वाढवाल तर हवा तेवढीच असल्यामुळे फक्त काळा धूर निघेल.

आता टर्बोच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर साडू म्हणतील एकतर्फी लिहिलं. तुम्ही उंचावर चालवत असाल तर टर्बो खरोखर उपयोगी आहे. समुद्रसपाटीपासून दर १००० मीटरला टर्बो नसलेलं इंजिन साधारण १० टक्के ताकद गमावतं आणि ती गिअर बदलून परत येत नाही. ट्रेलर ओढत असाल, लांबचा महामार्ग रोजचा असेल, तरीही मी विरोध करणार नाही. पण लावाल तर एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा गेज, वायू टर्बोत शिरायच्या आधीच्या जागी, बसवा आणि काटा ७०० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवा. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन टिकतो तो फक्त गरम वायू क्षणभरच लागतो आणि उष्णता रिंगा-तेलातून निघून जाते म्हणून. लांब चढावर पाय दाबून धरलात तर ती सूट संपते. टर्बो नसलेल्या जुन्या डिझेलचा कॉम्प्रेशन रेशो बऱ्याचदा २१-२२ असतो, म्हणून दाब ७-८ पीएसआयच्या पुढे नेऊ नका. इंटरकूलर (टर्बोने तापलेली हवा गार करणारा) टाका, रेडिएटर आणि क्लच त्या ताकदीचे आहेत का ते आधी बघा. साडूंना किट बसवून देणाऱ्याने दाबाचा गेज दिला होता, तापमानाचा नव्हता. मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणतो, तापमानाचा गेज नसलेली टर्बो किट बसवून देणं हा बेजबाबदारपणा आहे. आणि तुमच्याकडे इंजिनातल्या बदलांची नोंद करावी लागते का, विमा चालतो का, तेही विचारून घ्या.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: कॉम्प्रेशन, टॅपेट, नोझल, पंप, मग क्राउन-पिनियन. एवढं करूनही चढावर कमी पडलं तर टर्बोचं बोलू. सगळ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे, टायरचं मूळ आणि आताचं माप आणि डिफरन्शियलचा रेशो इथे लिहा, कोणतं क्राउन-पिनियन घ्यायचं ते मी काढून देतो.