डर्बीच्या दिवशी पैसे लावताना: वाचकांची प्रश्नोत्तरे

महालक्ष्मी रेसकोर्सवर साधारणतः फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या इंडियन डर्बीविषयी ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. एकाच विषयावरची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न: आम्ही चार मित्र पहिल्यांदाच डर्बीला जाणार आहोत. प्रत्येकी 5,000 रुपये नेण्याचा विचार आहे. ही रक्कम सर्व शर्यतींवर सारखी वाटावी का? (नेरुळ)

सारखी वाटू नये. त्या दिवशीच्या बहुतेक शर्यती हॅन्डिकॅप असतात. त्यांत चांगल्या घोड्यावर जास्त आणि कमकुवत घोड्यावर कमी वजन ठेवून सर्वांना शक्य तितके एका पातळीवर आणलेले असते, त्यामुळे नवख्या माणसाला तेथे अंदाज बांधणे फार अवघड जाते. डर्बीत मात्र सर्व घोडे चार वर्षांचे असतात, नर घोड्यांवर एकसारखे वजन असते आणि माद्यांना थोडी सवलत मिळते, म्हणून घोड्यांचा मागचा कस सरळ वाचता येतो. आदल्या रात्री रेसबुक घेऊन बसावे, ज्यांत आपले ठाम मत बनते अशा दोन किंवा तीन शर्यती निवडाव्यात आणि उरलेल्या फक्त पाहाव्यात. पहिल्या शर्यतीत जिंकलेले पैसे वेगळ्या खिशात ठेवून ते त्या दिवशी परत बाहेर काढायचे नाहीत, असे चौघांनी आधीच ठरवून घेतले तर उत्तम.

प्रश्न: डिसेंबरमध्ये इंडियन 2000 गिनीज ही शर्यत जिंकणारा घोडा डर्बीत फेव्हरिट, म्हणजे लोकांच्या सर्वाधिक पसंतीचा असतो. त्याच्यावर डोळे झाकून पैसे लावावेत का? (घोडबंदर रोड, ठाणे)

या प्रश्नाचे उत्तर अंतरात आहे. गिनीज 1600 मीटरची, तर डर्बी 2400 मीटरची, म्हणजे दीडपट लांब. आपल्याकडे घोड्यांचे वय 1 जानेवारीला बदलते, त्यामुळे डिसेंबरमध्ये तीन वर्षांचे म्हणून धावलेले हेच घोडे फेब्रुवारीत चार वर्षांचे म्हणून उतरतात आणि त्यांतील अनेकांसाठी 2400 मीटर हे अंतर नवे असते. गिनीजची शर्यत पाहताना कोण जिंकले याहून शेवटच्या 200 मीटरमध्ये कोणाची चाल कशी होती, हे मला महत्त्वाचे वाटते. विजेता सुरुवातीपासून पुढे राहून शेवटी पाय ओढत खांबाशी पोहोचला असेल आणि तिसरा किंवा चौथा घोडा जॉकीने चाबूक न उगारताही अंतर कापत आला असेल, तर डर्बीसाठी मी त्या मागच्या घोड्याचा विचार अधिक गंभीरपणे करीन. त्यानंतर वंशावळ पाहावी: बाप किंवा आईचा बाप लांब पल्ल्याचा होता का, सख्ख्या भावंडांनी 2000 मीटरच्या पुढे काही केले आहे का.

माद्यांकडे दुर्लक्ष करू नये, हेही येथेच सांगतो. 1943 सालची पहिली डर्बी प्रिन्सेस ब्यूटीफुल या मादीने जिंकली होती आणि 2010 मध्ये जॅकलिनने नर घोड्यांना मागे टाकले.

शेवटचा तपास पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात करावा. फेब्रुवारीच्या दुपारी थोडा घाम सर्वांनाच येतो; परंतु मागच्या पायांमध्ये पांढरा फेस जमलेला, मान सतत झटकणारा आणि सईसाला ओढत नेणारा घोडा लांब शर्यतीसाठी राखायची ताकद गर्दीच्या गोंगाटातच खर्च करीत असतो. अशा घोड्याचा भाव कितीही मोहक असला तरी मी त्याला सोडून देतो.

प्रश्न: कर धरून हिशेब केला तर कोणतीही पद्धत फायद्याची राहते का? हरल्यावर रक्कम दुप्पट करत जाण्याच्या पद्धतीबद्दलही आपले मत हवे आहे. (कळवा आणि ठाणे पूर्व येथील दोन वाचक)

22 सप्टेंबर 2025 पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर 40 टक्के जीएसटी आहे. त्यापूर्वी तो 28 टक्के होता. म्हणजे 100 रुपयांच्या पैजेसाठी खिशातून 140 रुपये जातात. आता बरोबरीच्या भावाचा, म्हणजे लावले तेवढेच जिंकून देणारा घोडा घ्या. तो जिंकला तर 200 रुपये परत येतात. कर नसता तर असा घोडा शंभरातून पन्नास वेळा जिंकला तरी आपली बरोबरी झाली असती. आता त्याने सत्तर वेळा जिंकायला हवे. तिनास एक भावाच्या (100 वर 300 जिंकून देणाऱ्या) घोड्याला पंचविसाऐवजी पस्तीस वेळा जिंकावे लागते. शंभराला चाळीस भावाचा (100 वर 40 जिंकून देणारा) फेव्हरिट तर जिंकूनही आपल्याला 140 रुपयेच परत देतो, म्हणजे तेथे धोका आपला आणि मिळकत शून्य. असा घोडा कितीही खात्रीचा वाटला तरी त्याला हात लावू नये.

दुप्पट करण्याची पद्धत याच हिशेबात कोसळते. बरोबरीच्या भावावर 500 रुपये लावून हरलात तर 700 गेले. पुढे 1,000 लावलेत, 1,400 भरलेत आणि जिंकलात. परत आले 2,000, गेले 2,100. जिंकूनही 100 रुपयांचा तोटा. आणखी एकदा हरून तिसऱ्या वेळी जिंकलात तर तो तोटा 900 रुपयांवर जातो.

यावर प्राप्तिकर आहेच. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आणि वर उपकर लागतो, 10,000 रुपयांहून मोठ्या बक्षिसातून तो आधीच कापला जातो, आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत. म्हणून स्पष्ट सांगतो: नियमित उत्पन्न देणारी पद्धत आज माझ्या मते नाही. अभ्यासाने होते ते एवढेच की वाईट पैजा टळतात आणि तोटा आवाक्यात राहतो.

प्रश्न: ऑफिसातील आम्ही सहा जण मिळून जॅकपॉट लावावा का? (ऐरोली)

मौजेसाठी लावावा. जॅकपॉटमध्ये ठरवून दिलेल्या पाचही शर्यतींचे विजेते ओळखायचे असतात. त्या पाच शर्यतींत अनुक्रमे 2, 2, 1, 3 आणि 2 घोडे घेतले तर 24 जोडण्या होतात. एका जोडणीला 10 रुपये धरले तर 240 आणि करासह 336 रुपये. सहा जणांत हे प्रत्येकी 56 रुपये होतात. तिकीट कोणाच्या नावे आहे आणि वाटणी कशी, हे आधी लिहून ठेवावे.

प्रश्न: माझे पती व्हॉट्सअॅपवरच्या बुकीकडे उधारीवर खेळतात. विचारले की म्हणतात, रेस हा कौशल्याचा खेळ आहे आणि न्यायालयानेच तसे सांगितले आहे. (वाशी)

सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानले, हे खरे आहे. परंतु आपल्या राज्यातील 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातील सवलत परवानाधारक रेसकोर्सवर, नेमलेल्या जागेत लावलेल्या पैजेपुरती आहे. फोनवरच्या बुकीला ती लागू होत नाही. त्याहून गंभीर गोष्ट उधारीची आहे. टोटच्या, म्हणजे रेसकोर्सच्या अधिकृत पैजेच्या खिडकीवर रोख द्यावी लागते, म्हणून खिसा रिकामा झाला की माणूस थांबतो. उधारीत ती अटकाव करणारी जागाच उरत नाही आणि आठवड्याच्या हिशेबाला आकडा कळतो तेव्हा तो फेडण्यासाठी पुढची पैज लागते.

आपण पत्रात रक्कम लिहिलेली नाही. ती पतीसोबत बसून कागदावर मांडावी, बुकीला देण्यासाठी दागिने गहाण ठेवू नयेत, नवे कर्ज काढू नये आणि घरखर्चाचे खाते स्वतःच्या नावे वेगळे करावे. ते रोज खेळत असतील, खोटे बोलू लागले असतील किंवा झोप उडाली असेल तर 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीतून आणि विनाशुल्क बोलता येते. पती तयार नसतील तरी आपण स्वतःसाठी तो फोन करू शकता.